अंजनीच्या पानावरची छत्री

आजोबांनी टेबलावर दोन पानं शेजारी शेजारी ठेवली आणि शाल्मलीला विचारलं, यांत फरक काय?

दोन्ही पानं अंजनीची होती. अंजनी म्हणजे सह्याद्रीच्या सदाहरित (बाराही महिने हिरव्या राहणाऱ्या) जंगलातलं एक बुटकं, दाट झाड. त्याचं पान जाडसर, गुळगुळीत, हाताला चामड्यासारखं लागणारं. टेबलावरचं पहिलं पान एका जुन्या कागदी पाकिटातून निघालं होतं. दाबून वाळवलेलं, तपकिरी पडलेलं. त्याच्यावर पांढरे, राखी, शेवाळी, पिवळट असे इतके ठिपके होते की मूळ पान फक्त कडेकडेनं दिसत होतं. दुसरं पान आजोबांनी त्याच सकाळी घरामागच्या जंगलातून तोडलं होतं. ते गर्द हिरवं आणि चकचकीत होतं. त्याच्यावर देठाजवळ दोन-तीन फिकट डाग, बस.

एक जुनं आहे आणि एक नवं, असं शाल्मली म्हणाली. आजोबांनी मान हलवली. ते तर कुणीही सांगेल, म्हणाले. मग ती म्हणाली की एकावर ठिपकेच ठिपके आहेत आणि दुसऱ्यावर जवळजवळ नाहीतच.

"झाड तेच, डोंगर तोच," आजोबा म्हणाले, "मग दुसऱ्यावर का नाहीत? गेली चाळीस वर्षं मी हेच विचारतोय."

ही २०५९ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. शाल्मली तेव्हा बारा वर्षांची होती. ती आता मोठी झाली आहे आणि पानं पाहत देशभर फिरते. हे सगळं कुठून सुरू झालं असं कुणी विचारलं की ती या दोन पानांपासूनच सांगायला लागते.

तिचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, उल्हास गवस, तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ते सह्याद्रीच्या कुशीतल्या आंबेरं नावाच्या लहानशा गावात कायमचे राहायला आले. आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं आणि त्यांच्या डोळ्यांचे पडदे झिजले होते. माणूस समोर आला तर ओळखू यायचा, पण भिंगाखालचं काही दिसत नव्हतं. रविवारी शाल्मलीची आई येऊन त्यांना शस्त्रक्रियेसाठी पुण्याला नेणार होती. तिथे नवे कृत्रिम पडदे बसवायचे होते. त्या पडद्यांनी लांबचं बरं दिसेल, पण बारीक काम पुन्हा जमणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुण्याहून पुन्हा या डोंगरावर राहायला येता येईल की नाही, हे कुणी बोलत नव्हतं. आजोबाही बोलत नव्हते.

सोमवारी शाल्मली चालक नसलेल्या बसनं एकटीच गावात उतरली. सोबत शाळेच्या विज्ञान केंद्रातून सुट्टीपुरता मिळालेला एक यंत्रमानव होता. मांजराएवढा, सहा पायांचा, झाडावर सरसर चढणारा. त्याच्या डोळ्याच्या जागी कॅमेरा होता आणि पोटात हवेचा ओलावा मोजायचं यंत्र. शाल्मली त्याला खारू म्हणायची.

त्या संध्याकाळी आजोबांनी तिला ठिपक्यांची ओळख करून दिली.

मसाल्यातलं दगडफूल तिला माहीत होतं. ते फूल नसतं, ते एक शैवाक असतं, आजोबांनी सांगितलं. शैवाक म्हणजे दोन जीवांनी मिळून थाटलेला संसार. त्यात एक असते बुरशी. तिला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही. दुसरं असतं शैवल (पाण्यात किंवा ओलसर जागी वाढणारी अगदी साधी, सूक्ष्म वनस्पती). त्याला उन्हात अन्न बनवता येतं, पण उघड्यावर ते चटकन सुकून जातं. बुरशी आपल्या धाग्यांचं जाळं विणून शैवलाला आत घेते, ओल धरून ठेवते, आणि शैवल दोघांपुरतं अन्न करतं. बहुतेक शैवाकं दगडावर किंवा झाडाच्या सालीवर राहतात. त्यांना घाई नसते, एकेक दगडफूल पन्नास-शंभर वर्षंही जगतं.

"पण काही शैवाकं पानावर राहतात," आजोबा म्हणाले, "आणि पान गळतं."

शाल्मलीला यातली गंमत लगेच कळली. पान गळायच्या आत त्यांना सगळं उरकायला हवं, ती म्हणाली. येऊन चिकटायचं, वाढायचं, आणि पुढच्या पानावर पिल्लं पाठवायची. आजोबा खूश झाले. म्हणूनच साग, पळस, काटेसावर असल्या पानझडी झाडांवर ती सहसा सापडत नाहीत, त्यांनी सांगितलं. तिथे आठ महिन्यांत घर खाली करावं लागतं. शाल्मली म्हणजेच काटेसावर, तेव्हा नावाप्रमाणे तूही पानशैवाकांच्या कामाची नाहीस, अशी त्यांनी तिची थट्टाही केली. अंजनीचं पान मात्र दोन-तीन वर्षं टिकतं.

ती पान खातात का, असं तिनं विचारलं. नाही, पान त्यांची फक्त जागा असते, आजोबा म्हणाले. थोडी शैवाकं पानाच्या मेणाच्या थराखाली शिरतात, पण बाकीची नुसती वर बसून राहतात. जगभरात अशी हजाराच्या आसपास शैवाकं माहीत आहेत. घनदाट पावसाळी जंगलात एकेका पानावर चाळीस-पन्नास जाती मोजलेल्या आहेत. जुन्या पाकिटातल्या पानावर सत्तावीस होत्या. घरामागच्या पानावर तीन.

मग ते जुनं पान कुठलं, हे त्यांनी सांगितलं.

ते देवखोलच्या राईतलं होतं. २००६ साली आजोबा पंचवीस वर्षांचे होते आणि वृंदाआजी त्यांच्या बरोबर शिकत होती. दोघं शेवटच्या थांब्यापर्यंत एसटीनं यायची आणि पुढे दोन तास चालायची. पिशवीत पोळी-चटणी, भिंग आणि जुन्या वर्तमानपत्रांची चळत. राई खोल दरीत होती, मधून व्हाळ (लहान ओढा) वाहायचा. भर दुपारी तिथे इतका अंधार असायचा की पान बघायचं तर ते हातात धरून उजेडाचा एखादा कवडसा शोधत फिरावं लागे. वृंदाआजीची नजर आजोबांपेक्षा तीक्ष्ण होती. एका दुपारी ती पानावर भिंग धरून अर्धा तास गप्प बसली. मग तिनं आजोबांना बोलावून दाखवलं. करड्या ठिपक्यावर केसाएवढे बारीक काळे दांडे उभे होते आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला छोटासा घुमट. पानावर कुणीतरी छत्र्या उघडून ठेवल्यासारखं. तिनं त्याचं नाव छत्रीवाला ठेवलं. त्याला शास्त्रीय नाव कधी मिळालंच नाही. कारण नमुना वाळल्यावर त्या छत्र्या मोडून पडायच्या, आणि नाव देण्याइतका पुरावा जमा व्हायच्या आत दरीच राहिली नाही.

धरण भरलं ते २०१३ साली. दोघं डोंगरावर उभी राहून पाणी चढताना बघत होती.

"अंजनी सगळ्यात आधी बुडाली," आजोबा म्हणाले, "ती सगळ्यात बुटकी होती ना."

त्याआधीच्या दोन हंगामांत दोघांनी राईतलं जेवढं मिळेल तेवढं बी गोळा करून त्याची रोपं वाढवली होती. पाण्याच्या वरचा उघडा, जळका उतार त्यांनी मागून घेतला आणि २०१९पासून तिथे रोपं लावायला सुरुवात केली. घरामागचं जंगल ते हेच. त्यातली अंजनी देवखोलच्या अंजनीचीच लेकरं होती. उपग्रहाच्या चित्रात आता तो सगळा उतार गर्द हिरवा दिसायचा आणि येणारे-जाणारे म्हणायचे की जंगल झालं. वृंदाआजी मात्र म्हणायची, पानांवर वस्ती आली की मी म्हणेन. सहा वर्षांपूर्वी ती गेली, तोवर वस्ती आली नव्हती.

मंगळवारी सकाळी तिघं जंगलात गेली. आजोबा काठी टेकत, शाल्मली भिंग घेऊन आणि खारू फांद्यांवरून. प्रत्येक लावलेल्या झाडावर नंबराचा पत्रा होता. आजोबा नंबर विचारायचे आणि ते झाड कोणत्या वर्षी लावलं हे न बघता सांगायचे. शाल्मली पान धरायची, भिंगातून बघायची आणि काय दिसतं ते बोलायची. छत्रीवाला खारूच्या यादीत नव्हता; आजोबांनी केलेलं वर्णन तेवढं शाल्मलीनं त्याला सांगून ठेवलं होतं. त्याचा जिवंतपणीचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. तो जिवंत पाहिलेला जगात एकच माणूस उरला होता आणि त्याला आता दिसत नव्हतं.

दुपारपर्यंत त्यांनी साठ झाडं पाहिली. प्रत्येक पानावर तेच दोन-तीन डाग. आजोबा दमले होते. एका दगडावर बसून ते म्हणाले की आणखी एक झाड बघू आणि जेवायला जाऊ. त्यांचा आवाज शाल्मलीला ऐकवेना. पुढच्या पानावर एक करडा ठिपका होता आणि त्याच्यावर काळं काहीतरी होतं. बुरशीचा धागा असेल, धूळ असेल.

"छत्र्या आहेत," ती म्हणाली.

फांदीवरून खारू म्हणाला, "ओळख अनिश्चित. खात्री शंभरात एकोणीस." शाल्मलीनं त्याचा आवाज बंद केला.

आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून बसले. मग त्यांनी ते पान हातात मागून घेतलं आणि बोटाचं टोक, जेमतेम स्पर्श होईल इतकंच, त्याच्यावरून फिरवलं. घरी जाताना त्यांची काठी आधीपेक्षा लांब लांब पडत होती. जेवताना त्यांनी वृंदाआजीच्या तीन गोष्टी सांगितल्या, ज्या शाल्मलीनं कधी ऐकल्या नव्हत्या. मग त्यांनी नोंदवही काढायला लावली. तारीख, झाडाचा नंबर, उंची, सावली. आणि विचारलं, छत्र्या किती होत्या? दांडा सरळ होता की वाकलेला? घुमट काळा की पांढरट?

शाल्मलीनं पाच सांगितल्या. दांडा सरळ, म्हणाली. घुमटाचं तिला काहीच सुचेना, म्हणून तिनं पोट दुखतं असं सांगून वही मिटली.

बुधवारी सकाळी आजोबा विद्यापीठातल्या वनस्पती-संग्रहालयाला पत्र सांगायला बसले. सह्याद्रीच्या पानशैवाकांचा नकाशा तिथे ठेवलेला असतो, आणि देवखोलच्या जागी पन्नास वर्षांत नवा ठिपका पडला नव्हता. शाल्मलीनं पहिली ओळ लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

"आजोबा, मला छत्र्या दिसल्या नाहीत," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. तुम्ही रविवारी जाणार आहात म्हणून."

अंगणात रोपांची देखभाल करणारी शेवंती मावशी पाणी घालत होती, तिच्या झारीचा तेवढा आवाज येत होता. आजोबांचा चेहरा कालच्यापेक्षा म्हातारा दिसायला लागला आणि ते पाहून शाल्मलीला रडू आलं. पण ते रागावले नाहीत. त्यांनी तिला जवळ बसवलं.

"नकाशावर एक खोटा ठिपका पडला," ते म्हणाले, "की पुढचे लोक तिथेच शोधत बसतात. खऱ्या जागी कुणी जातच नाही. तू मला आज सांगितलंस ते बरं केलंस. पत्र गेलं नव्हतं."

वहीतली नोंद त्यांनी तिला खोडायला लावली नाही. तिच्याखाली, निरीक्षण चुकीचं होतं, असं लिहायला लावलं आणि सही करायला सांगितली.

मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं की छत्रीवाला इथे का येत नाही, ते आपण शोधून काढू या का. नुसतं झाडामागून झाड बघण्यापेक्षा आधी विचार करू या. आजोबा म्हणाले, कर विचार.

पानाचा दोष नाही, कारण झाड तेच. पान कोवळं म्हणूनही नाही, कारण तिनं मुद्दाम खालच्या फांद्यांवरची जुनी पानं पाहिली होती. पाऊस कमी पडतो का? आजोबांनी तिला भिंतीवरचा सह्याद्रीचा नकाशा दाखवला. त्याच्यावर पानशैवाकांचे ठिपके होते. खाली केरळात ते दाटीनं होते. तिथून वर येऊ तसे विरळ होत गेले होते आणि आंबेऱ्याच्या वर तर तुरळकच.

"पण आपल्याकडे तर खूप पाऊस पडतो," शाल्मली म्हणाली.

"किती महिने?"

तिनं मोजले. जून ते सप्टेंबर, थोडा ऑक्टोबर. आजोबांनी सांगितलं की दक्षिणेकडे जावं तसे पावसाचे महिने वाढत जातात. एकूण पाऊस काही ठिकाणी आपल्यापेक्षा कमीच असेल, पण तो वर्षभर पसरलेला असतो. शाल्मली नकाशाकडे बघत राहिली. मग ती हळूहळू म्हणाली, म्हणजे पाऊस किती पडला याला महत्त्व नाही. मधे किती दिवस कोरडे गेले याला आहे. शैवाक ओलं असेल तेव्हाच वाढतं. सुकलं की थांबतं. इकडे ते वर्षातले सात महिने थांबून राहतं आणि तेवढ्यात पान म्हातारं होतं.

आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पृथ्वीभर हेच आहे, ते म्हणाले. विषुववृत्ताजवळच्या (पृथ्वीच्या मधल्या पट्ट्यातल्या) सगळ्या ओल्या जंगलांत, आफ्रिकेत काय आणि दक्षिण अमेरिकेत काय, पानांवर आपल्या छत्रीवाल्याची भावंडं सापडतात. मधे एवढे समुद्र आहेत, तरीही. आणि कोरड्या दिशेला सरकलं की एकेक नाव गळत जातं.

मग देवखोलमध्ये सत्तावीस कशी राहत होती? तिथेही सात महिने कोरडेच ना? हा प्रश्न शाल्मलीनं विचारला आणि उत्तर अंगणातून आलं. शेवंती मावशी वृंदाआजीच्या वेळेपासून रोपवाटिका सांभाळत होती. ती झारी खाली ठेवून दारात येऊन उभी राहिली होती.

"व्हाळाकडची पानां सकाळी धुक्यान भिजली काय दुपारपर्यंत सुकनत नाय," ती म्हणाली. "हंय वर मात्र नऊ वाजले काय सगळा कोरडा."

देवखोलातला तोच व्हाळ धरणात शिरण्याआधी जंगलाच्या खालच्या अंगानं वाहायचा आणि तिथे गवत कापायला ती रोज जायची. तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

तो सगळा दिवस आणि गुरुवार खारूनं मोजणी केली. उतारावर वरपासून खालपर्यंत दहा ठिकाणी तो तासातासाला आर्द्रता (हवेतली ओल) मोजत राहिला. शाल्मलीनं आकडे वहीत मांडले. वरच्या झाडांखाली सकाळी नऊनंतर हवा झरझर कोरडी पडत होती. खाली व्हाळापाशी ती दुपारी दोनपर्यंत ओली राहत होती. दोन जागांमधे अंतर होतं जेमतेम तीनशे पावलांचं. एकाच डोंगरावर दोन वेगळी हवामानं होती. अशाला सूक्ष्महवामान (अगदी छोट्या जागेचं स्वतःचं हवामान) म्हणतात, आजोबांनी सांगितलं. धुक्याचा प्रत्येक तास म्हणजे पानाला मिळालेला उधार पावसाळा, आणि असे तास जमले की कोरडे महिने कमी होतात. देवखोल तसंच होतं.

इतकी वर्षं ते सगळे वरच शोधत होते, कारण वरची झाडं आधी लावलेली, मोठी आणि सुंदर होती. खालची लागवड शेवटची. वृंदाआजीनं एकटीनं केलेली, पायवाट नसलेली.

पण आजोबांना एक शंका उरली होती. जागा असली तरी येणारा कुठून येणार? बुरशीचे बीजाणू (बियांसारखं काम करणारे सूक्ष्म कण) वाऱ्यानं लांब जातात, पण त्यांना उतरल्या जागी योग्य शैवल भेटावं लागतं. छत्रीवाला वेगळी युक्ती करतो. छत्रीखाली तो बुरशीचे धागे आणि शैवलाच्या पेशी एकत्र बांधून ठेवतो, आणि पावसाचा थेंब पडला की ती शिदोरी शेजारच्या पानावर उडते. संसार तयारच असतो, पण उडी लहान. पानावरून पानावर, झाडावरून झाडावर. जिथून उडी घ्यायची ती राई तर पाण्याखाली होती.

"सगळी?" शाल्मलीनं विचारलं. पाणी एका रेषेपर्यंतच चढलं असणार. त्या रेषेच्या वर व्हाळाकाठी राईचं काही उरलं असेल ना?

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. चेहरा नीट दिसत नसेल, पण बघत राहिले.

शुक्रवारी शेवंती मावशी कोयती घेऊन पुढे झाली आणि तिनं आजोबांना उतरता येईल अशी वाट पाडली. आजोबांना उतरायला दोन तास लागले. शाल्मलीनं त्यांचा एक हात धरला होता आणि खारू पुढचे दगड हलतात का ते तपासून सांगत होता. धरणाच्या पाण्याची एक अरुंद जीभ जिथे व्हाळात शिरते, तिथे काठावर, दोन कातळांच्या बेचक्यात, नंबराचा पत्रा नसलेल्या चार अंजनी उभ्या होत्या. कुणी लावलेल्या नव्हत्या. देवखोलच्या होत्या, पाण्यानं सोडलेल्या.

आजोबांनी त्यांतल्या एकीच्या खोडाला हात लावला आणि तसेच उभे राहिले. शाल्मलीनं पान धरलं. ते ठिपक्यांनी झाकलेलं होतं. तिनं भिंग डोळ्याला लावलं, आणि या वेळी ती घाई न करता, आधी सगळं बघून मग बोलली. करडा ठिपका. काळे दांडे, मोजून अकरा. खाली किंचित वाकलेले, वर सरळ. टोकाला घुमट, काळा नाही, दुधी, कडेला पातळ. एका घुमटाखाली हिरवट कण.

"दुधी," आजोबा म्हणाले. "हो. दुधीच होता. मी विसरलो होतो."

खारूनं प्रत्येक छत्रीचा फोटो घेतला. जिवंत छत्रीवाल्याचे ते पहिलेच फोटो.

शाल्मलीला तिथे थांबवेना. उडी लहान असेल तर तो इथून कुठपर्यंत पोचला ते कळायला हवं, ती म्हणाली. व्हाळाच्या कडेनं ती पावलं मोजत वर निघाली. चाळीस पावलांवर एका जांभळीच्या पानावर छत्र्या होत्या. नव्वद पावलांवरही होत्या. मग दोनशे पावलांपर्यंत काहीच नाही. तिनं प्रत्येक रिकामं झाड लिहून घेतलं. मग व्हाळ वळला, धुकं अजून झाडांत अडकलेलं होतं, आणि समोर एक बुटकी अंजनी आली. तिच्यावर पत्रा होता. नंबर चार हजार दोनशे बारा.

तिनं दोनदा पाहिलं. खारूला विचारलं. तो खालच्या फोटोंशी ताडून म्हणाला, "खात्री शंभरात शहाण्णव." मग तिनं खाली जाऊन आजोबांना आणि मावशीला आणलं आणि पत्र्यावरचा नंबर वाचून दाखवला. वृंदाआजीनं शेवटच्या पावसाळ्यात लावलेलं झाड होतं ते. एकाच पानावर, चार छत्र्या.

आजोबांनी सवयीनं खिशातून कात्री आणि कागदी पाकीट काढलं. संग्रहालयात नमुना लागतोच. त्यांनी पान बोटात धरलं आणि विचारलं, ही फांदी किती जुनी वाटते? शाल्मलीनं फांदीवरचे, दर पावसाळ्यात एक वाढणारे, जोड मोजले. दोन पावसाळे झालेत, ती म्हणाली. अजून एक वर्ष टिकेल.

"मग राहू दे," आजोबा म्हणाले. "खालच्या झाडावरचं घेऊ. तिथे पुष्कळ आहेत. याला अजून पुढे जायचंय."

त्यांनी कात्री खिशात ठेवली. परत चढताना ते चार वेळा बसले. वृंदाआजी असती तर आता म्हणाली असती, असं ते मधेच एकदा म्हणाले, आणि काय म्हणाली असती ते कुणाला विचारावं लागलं नाही.

रविवारी आई आली. शाल्मलीनं तिला सगळं सांगितलं, मंगळवारचंही. मग आईनं वडिलांना विचारलं की पडदे बसवल्यावर किती दिवसांत परत यायचं आहे. आजोबा म्हणाले, पावसाळ्याआधी. शेवंती मावशीनं खालच्या वाटेवर दगडाच्या पायऱ्या घालायचं कबूल केलं.

संग्रहालयाला पत्र शाल्मलीच्या अक्षरात गेलं. पुढच्या दिवाळीत ती पुन्हा आंबेऱ्याला आली. आजोबांना आता लांबची झाडं दिसत होती आणि पायऱ्या उतरताना ते कुणाचा हात धरत नव्हते. ते झाड दाखवायचे आणि शाल्मली पान बघायची. चार हजार दोनशे बारा नंबरवरचं ते पान गळून गेलं होतं. पण त्याच्या आजूबाजूच्या, पत्रे असलेल्या अंजनींवर तिनं शोधत शोधत मोजलं. छत्रीवाला सात झाडांवर पोचला होता, आणि सातवं व्हाळाच्या पलीकडे होतं.